चिमण्यांसाठीं अन्नपात्र

सुगी संपली म्हणजे शेतकरी बाजरीचीं अगर ज्वारीचीं चार कणसें घराच्या वळचणीला टांगून ठेवितो, हें तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. घरीं आलेल्या धान्यांत पाखरांचाही वांटा आहे, हा त्यांतील भाव. शहरांत अशीं कणसें हाताशीं नसतात. परंतु हा वांटा देण्याचें साधन घरांतील टाकाऊ वस्तूंतून सहज करितां येतें.

साहित्य.— एका नारळाच्या दोन करवंट्या, काथ्याची बारीक दोरी, एक खिळा व थोडें मेण.

कृति.— करवंट्यांतील खोबरें पुरतें खरवडून काढावें. तें राहिल्यास खंवट होऊन त्यावर बुरशी येते. बाहेरचा काथ्या मात्र थोडा राहूं द्यावा, म्हणजे पाखरांच्या नखांना पकड मिळते. डोळे नसलेल्या करवंटीच्या कांठाजवळ सारख्या अंतरावर तीन भोंकें पाडावीं, व पावसाचें पाणी निथळून जाण्यासाठीं तळाशीं एक बारीक भोंक पाडावें. खिळा तापवून टोंचावयाचा असल्यास तें काम वडील माणसांच्या हातून करून घ्यावें. तिन्ही भोंकांतून हातभर लांबीच्या दोऱ्या ओंवून त्या वीतभर उंचीवर एकत्र गांठाव्या. दुसऱ्या करवंटीच्या तीन डोळ्यांपैकीं एक मऊ असतो. तो टोंचून मोकळा करावा. ती करवंटी पालथी धरून दोऱ्यांचीं टोंकें त्यांतून वर घ्यावीं, म्हणजे ती गांठीवर छपरासारखी बसते. मग भोंक मेणानें बुजवावें.

जागा.— पात्र माणसाच्या डोक्याहून उंच टांगावें. मांजराला उडी मारून पोंचतां येईल अशी भिंत अगर फांदी जवळ नसावी.

खाद्य.— बाजरी, ज्वारी अगर तांदळाची कणी रोज मूठभर पुरे. शेव, फरसाण, खारे दाणे किंवा शिळा पाव घालूं नये. एवढ्याशा देहाला मीठ सोसत नाहीं, आणि बुरशी तर विषासमान होय.

येथवरचें काम एका दुपारचें आहे. खरें काम पुढेंच. अनेक पाखरें एका ठिकाणीं जेवूं लागलीं म्हणजे त्यांची विष्ठा दाण्यांत पडते, आणि एका आजारी पाखराचा रोग इतरांना जडतो. म्हणून उरलेले दाणे रोज झाडून टाकावे, आठवड्यांतून एकदां करवंटी कढत पाण्यानें धुऊन उन्हांत खडखडीत वाळवावी, व ती फार मळल्यास नवी करावी. उन्हाळ्यांत जवळच पसरट परळांत पाणी ठेवावें व तें नित्य बदलावें. ज्याच्यानें इतकें होणार नाहीं, त्यानें पात्र न टांगणेंच बरें. कारण पाहुण्यास बोलावून त्यास आजार देणें हा उपकार नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चिमणी स्वतः दाणे टिपते, परंतु कोंवळ्या पिलांना ती प्रायः अळ्या व किडे भरविते. तेव्हां अंगणांतील जास्वंदीवर व कढीलिंबावर कीटकनाशक फवारून बाहेर दाणे ठेविले, तर पिलें उपाशीच राहतील. मोहम्मद दिलावर यांनीं नाशिक येथें स्थापिलेल्या ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’च्या पुढाकारानें इ. स. २०१० पासून २० मार्च हा ‘जागतिक चिमणी दिन’ म्हणून पाळला जातो. पण चिमणीला भूक मात्र रोज लागते.

पात्र टांगल्यावर कांहीं दिवस पाखरें आलीं नाहींत, तरी धीर सोडूं नये. आलीं म्हणजे दुरून पाहावें, आणि वहींत दिवस, वेळ व पाखरांची जात टिपून ठेवावी. गळ्याखालीं काळा डाग असलेला तो चिमणा, व तो नसलेली ती चिमणी, एवढ्यापासून आरंभ करावा. धान्याच्या एका मुठीनें पाखरांचें पोट भरेल, आणि नित्य नेमानें तुमच्या अंगीं नियमितपणा व सूक्ष्म निरीक्षण हे दोन गुण येतील.