'व्हिलन' मुळात कोण होता?

चित्रपटांमुळे 'व्हिलन' हा शब्द आपल्या घराघरांत रुळला आहे. तो आपल्याकडे इंग्रजीतून आला, इंग्रजीत फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस त्याचा हा प्रवास एखाद्या शिलालेखाइतका बोलका वाटतो.

लॅटिनमध्ये 'व्हिल्ला' म्हणजे शेतीवाडीसह असलेले ग्रामीण घर. रोमन साम्राज्य ओसरल्यावर या शब्दाला निरनिराळ्या वाटा फुटल्या. इटालियनमध्ये तो बागेने वेढलेला ऐश्वर्यसंपन्न वाडा झाला. फ्रेंचमध्ये 'व्हील' म्हणजे शहर, पोर्तुगीजमध्ये 'व्हिला' म्हणजे लहान नगर. स्पॅनिश 'व्हिया' ही विशेष हक्क लाभलेली नगरी. माद्रिद राजधानी असूनही आजवर 'व्हिया' म्हणवते. जागेच्या नावाची अशी बढतीच होत गेली.

त्या जागेवर राबणाऱ्याच्या वाट्याला मात्र उलटे आले. 'व्हिल्लानुस' हा मुळात केवळ शेतवाडीवर राहणारा कष्टकरी. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये 'व्हिलें' हा शब्द झाला, अर्थ शेतकरी. परंतु त्या काळचे बरेचसे काव्य सरदार-दरबाऱ्यांसाठी रचले जात असे. त्यात दरबारी रीतीचा तो 'कुर्त्वा', म्हणजे सभ्य, आणि त्याच्या विरुद्ध टोकाला 'व्हिलें'. 'व्हिल' म्हणजे हलका, हीन, या वेगळ्या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यानेही हातभार लावला. हळूहळू शेतकरी हा अर्थ मागे पडला; कुरूप, दुष्ट, ओंगळ एवढेच उरले. इटालियन 'व्हिल्लानो' म्हणजे असंस्कृत, उद्धट. स्पॅनिश 'व्हियानो' आधी केवळ सरदार घराण्याबाहेरचा मनुष्य होता, मागाहून नीच ठरला. इंग्रजीने तर एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे केली : एक जमीनदाराशी बांधलेल्या शेतकऱ्यासाठी, दुसरे खलपुरुषासाठी. आपला 'गावंढळ' शब्द येथे कोणास आठवणार नाही?

आता दुसरा शब्द पाहावा. लॅटिन 'जेंतीलिस' म्हणजे एकाच कुळातील. त्याचा फ्रेंच वारस 'जांती' प्रथम 'उच्चकुलीन' या अर्थी वापरला जाई. मग तोच प्रेमळ व सुस्वभावी झाला. इंग्रजीतील 'जंटलमन' त्याच घरचा. शब्दांना कुळ-जात चिकटत नाही असे मानणाऱ्यांनी ही जोडी एकदा शेजारीशेजारी ठेवून पाहावी, असे आम्हांस वाटते. फ्रान्समध्ये आजही गुणी मुलाला 'जांती' म्हणतात आणि खोडकराला 'व्हिलें' म्हणून दटावतात.