शिवसागराच्या काठी

मराठवाड्याच्या दक्षिण भागात, लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ हे तालुक्याचे गाव आहे. घरणी नावाची लहानशी नदी या तालुक्यातून वाहते व पुढे मांजरेस मिळते. मांजरा ही मात्र मोठी नदी. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत ती उगम पावते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीत विलीन होते.

नदी मोठी असली, तरी तिचा स्वभाव लहरी आहे. भाद्रपदात ती दोन्ही तीर भरून वाहते आणि पाऊस रुसला की चैत्र-वैशाखात तिच्या पात्रात वाळूखेरीज काही दिसत नाही. या भागातील मुलांची होडी बहुधा कागदाची असते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर अंगणातील ओघळात ती सोडावयाची आणि ती कोठे अडते हे पाहावयाचे, एवढाच त्यांचा नौकाविहार! खरी होडी वल्हवीत दूरच्या तीराला जाण्याची हौस त्यांना नसते असे नाही. परंतु होडीला आधी पाणी लागते, आणि पाणी हीच येथील दुर्मिळ वस्तू.

२०१६ सालचा उन्हाळा या भागातील लोक अजून विसरलेले नाहीत. लागोपाठच्या अवर्षणामुळे धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराच्या नळांचे पाणी आटले. शिरूर अनंतपाळ तालुक्यातील डोंगरगावच्या बंधाऱ्यात जे थोडे पाणी उरले होते, तेही टँकरने शहराकडे नेण्यात आले. तरीही तहान भागेना. तेव्हा पाणी आगगाडीने आणावे असे ठरले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे दहा टाक्यांची एक गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरच्या स्थानकात येऊन उभी राहिली. गाडीचे नावही ‘जलदूत’ असे साजेसेच होते. पुढे टाक्यांची संख्या वाढविण्यात आली आणि ऑगस्ट महिन्यापर्यंत या गाडीच्या शंभरांहून अधिक खेपा झाल्या.

हे पाणी आले कोठून? गाडी भरली जात होती मिरजेस, लातूरपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवर. तिच्या टाक्यांतील पाणी कृष्णा नदीचे होते. मिरजेहून कृष्णेच्या काठाने वर चालत गेले, तर सांगली मागे टाकून कऱ्हाड लागते. येथे उत्तरेकडून कृष्णा व दक्षिणेकडून कोयना अशा दोघी समोरासमोर येऊन भेटतात. दोघींचेही माहेर महाबळेश्वर. लहानपणी ताटातूट झालेल्या बहिणी पुन्हा भेटाव्यात, तशी ही भेट आहे. म्हणून या ठिकाणास ‘प्रीतिसंगम’ असे गोड नाव मिळाले आहे. उन्हाळ्यात कृष्णेचा प्रवाह क्षीण होतो, तेव्हा कोयनेच्या धरणातून सोडलेले पाणी येथे तिला येऊन मिळते आणि सांगली-मिरजेपर्यंत तिला वाहती ठेवते. लातूरच्या लोकांनी त्या उन्हाळ्यात जे पाणी ओंजळीत घेतले, त्यात कोयनेचाही वाटा होता.

आता कोयनेच्या काठाने वर जावे. हेळवाकजवळ नदी वळण घेते आणि सह्याद्रीच्या दोन रांगांमधील अरुंद दरीत आपण शिरतो. या दरीच्या तोंडाशी, कोयनानगर येथे, १०३ मीटर उंचीचे धरण उभे आहे. १९६४ च्या सुमारास ते पूर्ण झाले. त्याच्यामागे सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. या पाण्याचा मोठा भाग बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम अंगास नेतात, तेथे पोफळीच्या बाजूस तो उंचावरून खाली सोडतात आणि त्याच्या वेगावर वीज निर्माण करतात. उरलेले पाणी पूर्वेकडे, आपल्या जुन्या वाटेने, कृष्णेकडे जाते.

धरणामागे जो विशाल जलाशय निर्माण झाला, त्यास ‘शिवसागर’ असे नाव देण्यात आले आहे. तो एखाद्या तळ्यासारखा गोल नाही. दरी जिकडे वळली, तिकडे पाणी वळले. जलाशय असा सुमारे पन्नास किलोमीटर लांब पसरला आहे. केवळ कोयनेचेच नव्हे, तर तिला मिळणाऱ्या सोळशी आणि कांदाटी या नद्यांचे खोरेही पाण्याने भरून गेले आहे. उंचावरून पाहिले असता डोंगरांच्या कुशीत कोणी पसरलेल्या हाताची निळी बोटे ठेवावीत, तसे हे दृश्य दिसते.

महाबळेश्वरच्या खाली, या बोटांच्या बेचक्यात, तापोळा हे गाव आहे. दिवाळीची सुटी लागली की येथे प्रवाशांची गर्दी होते. धक्क्याला लाँचा व लहान यांत्रिक नौका ओळीने उभ्या असतात. नौका सुटते, काठावरची घरे लहान होत जातात, आणि पाहता पाहता चहूंकडे पाणी आणि पाण्यावर उलटे पडलेले डोंगर एवढेच उरते. दक्षिणेकडील बामणोलीहून निघालेली नौका प्रवाशांना वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी नेऊन सोडते. किल्ला अभयारण्यात असल्यामुळे तेथे जाण्यास वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. थंडीच्या दिवसांत सकाळी पाण्यावर धुके तरंगते, काठच्या झाडीतून पाखरांचे आवाज येतात, आणि शहरातून आलेला मनुष्य आपली सारी दगदग विसरून जातो.

परंतु त्याच धक्क्यावर आणखीही काही माणसे नौकेची वाट पाहत उभी असतात. त्यांच्याजवळ प्रवासाच्या पेट्या नसतात. कोणाच्या डोक्यावर बाजाराचे गाठोडे असते, कोणाच्या हातात रॉकेलचा किंवा औषधाचा डबा असतो. ही पलीकडच्या तीरावरील गावांची माणसे होत. दरीत पाणी भरले, तेव्हा त्यांच्या जुन्या वाटा बुडाल्या. त्यानंतर नौका हीच त्यांची सडक झाली. बाजार, दवाखाना, कचेरी, मोठी शाळा या सर्वांसाठी त्यांना पाणी ओलांडावे लागे. जिल्हा परिषदेच्या लाँचा त्यांची ने-आण करीत आल्या आहेत. गाड्या पैलतीरी नेण्यासाठी मोठे तराफेही आहेत. भर पावसाळ्यात वारा सुटला, पाणी खवळले आणि घरात कोणी आजारी पडले, म्हणजे नौकेची वाट पाहणे किती कठीण असते, हे त्या काठच्या माणसांनाच ठाऊक. प्रवाशाला जो विहार, तो त्यांचा संसार आहे.

या पाण्याखाली आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वैशाखात जलाशय ओसरतो, तेव्हा काही ठिकाणी जुन्या घरांची जोती व देवळांचे अवशेष उघडे पडतात. येथे पूर्वी गावे नांदत होती. धरणासाठी हजारो कुटुंबांनी आपली घरे आणि भातखाचरे सोडली. कोणी सातारा-सांगलीकडे गेले, कोणी सोलापूरकडे, तर कोणी ठाणे व रायगड या जिल्ह्यांत. कित्येकांना नवी जमीन मिळण्यास दीर्घ काळ वाट पाहावी लागली. ज्या डोहावरून नौका सहज सरकत जाते, त्याच्या तळाशी कोणाचे तरी तुळशीवृंदावन होते, ही जाणीव मनात असली म्हणजे मनुष्य त्या पाण्यात उष्टी पाने किंवा रिकाम्या बाटल्या टाकण्यास धजत नाही.

पाण्याकाठी राहणाऱ्या लोकांचे जीवन सर्वत्र असेच आहे. केरळात वेंबनाड नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्यास अनेक नद्या व कालवे मिळतात. तेथील मोठ्या लाकडी नौका पूर्वी भात व इतर माल वाहून नेत असत. सडका झाल्या, मालगाड्या आल्या, आणि त्या नौकांचे काम संपले. तेव्हा लोकांनी त्यांच्यावर निवारा बांधून त्यांची तरंगती घरे केली. आज त्यांत प्रवासी राहतात. नौका आधी पोटासाठी निर्माण होते आणि करमणुकीसाठी मागाहून उपयोगी पडते. म्हणून तिच्याशी वागण्याची शिस्तही पोटार्थी नावाड्याकडूनच शिकावी लागते.

ती शिस्त साधी आहे. नौका आपल्या भाराइतके पाणी बाजूस सारते, म्हणून ती तरंगते. भार वाढला की ती अधिक खोल बसते आणि तिचा काठ पाण्याजवळ येतो. म्हणूनच ठरलेल्या संख्येपेक्षा एकही मनुष्य अधिक घेऊ नये. नौकेत उभे राहू नये किंवा सर्वांनी एका बाजूस धावू नये. कारण भार एकीकडे गेला की नौका कलंडते. पोहता येत असले, तरी अंगात तरंगणारे जाकीट घालावे. वारा वाढला आणि नावाड्याने ‘आज नौका सुटणार नाही’ असे सांगितले, तर त्याच्याशी वाद घालू नये. पाण्यावर तोच गुरू होय.

शिवसागराच्या काठावरून पुन्हा शिरूर अनंतपाळकडे यावे. २०१६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरेस पूर आला, धनेगावचे धरण भरले आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. धरणाखाली मांजरेवर ठिकठिकाणी दारांचे बंधारे बांधलेले आहेत. पावसाळ्यात पुराबरोबर गाळ वाहून जावा म्हणून त्यांची दारे उघडी ठेवतात. पाऊस सरत आला की ती लावून पाणी अडवितात. मग पाणी पात्रातच मागे दूरवर साचून राहते आणि नदी जणू पाण्याच्या पायऱ्यांचा एक लांबच लांब जिना बनते. घरणीचे पाणीही तालुक्यातील घरणी प्रकल्पात साठविले जाते. चांगल्या पावसाच्या वर्षी आश्विनात हे जलाशय पाहण्यास गेलेल्या मुलांना कागदाच्या होडीची आठवण होते आणि खऱ्या होडीचे स्वप्न पडते.

ते स्वप्न पाहण्यात वावगे काहीच नाही. परंतु पाण्याच्या वाटणीत एक क्रम आहे, आणि महाराष्ट्राच्या जलनीतीनेही तहानेला पहिला मान दिला आहे. आधी माणसाची व गुराढोरांची तहान, मग शेत, मग इतर उद्योग. खेळ आणि विहार शेवटी. नौकाविहाराची मौज अशी की, तो पाणी संपवीत नाही. नौका पाण्यावरून गेली, तरी पाणी होते तेवढेच राहते. मात्र ते आधी कोणीतरी अडविलेले, राखलेले आणि स्वच्छ ठेवलेले असावे लागते.

तापोळ्याच्या धक्क्यावर हसत-खिदळत नौकेत चढणाऱ्या मुलाला कदाचित ठाऊकही नसेल की, हेच पाणी धरण ओलांडून कृष्णेस मिळते आणि एका भीषण उन्हाळ्यात त्याचा काही अंश आगगाडीत बसून दूरच्या तहानलेल्या शहरात गेला होता. लातूरच्या मुलाला मात्र हे ठाऊक असावे. ज्याने पाण्याची वाट पाहिली आहे, त्यालाच पाण्याची खरी किंमत कळते. आणि ज्याला ती कळते, त्याच्या हाती वल्हे शोभते.

स्वाध्याय

१. लातूरला आगगाडीने आलेल्या पाण्यात कोयनेचाही वाटा होता, असे पाठात का म्हटले आहे? पाण्याचा मार्ग क्रमाने सांगा.
२. ‘प्रवाशाला जो विहार, तो त्यांचा संसार आहे,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. नौकेत बसताना कोणती शिस्त पाळावी? प्रत्येक नियमाचे कारण लिहा.
४. दारांच्या बंधाऱ्यांची दारे पावसाळ्यात उघडी का ठेवतात व नंतर का लावतात?
५. आपल्या गावास पाणी कोठून येते, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व त्या वाटेचा नकाशा काढा.