तिरका मोनोग्राम

पार्किंगमधल्या एका सेकंडहँड गाडीच्या डिकीवरचा मोनोग्राम तिरका आहे. मालक म्हणतो, "काय फरक पडतो?" हिशोब करा: 100 मिमी लांबीचा मोनोग्राम 1 अंशाने फिरला, तर एक टोक पावणेदोन मिमी वर जातं. डोळ्याला ते खुपतंच.

पत्र्यावर तो दोन दिशांना सरकतो, शिवाय फिरतो. एक पिन सरकणं थांबवते, फिरणं नाही. म्हणून दुसरी पिन. पण तिला गोल भोक न देता दोन्ही पिनांच्या रेषेत लांबट खाच देतात, नाहीतर अंतरातल्या किरकोळ फरकानेही मोनोग्राम बसणार नाही. (जिग्ज-फिक्श्चर्सच्या तासाला झोपलेल्यांसाठी!)

पिना नसतील तर कंपनीत जिग लावून टेपने चिकटवतात. गॅरेजवाला रंगकामानंतर बहुधा अंदाजानेच लावतो. तेव्हा जुनी गाडी घेताना मोनोग्राम तिरका दिसला, तर डिकीच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का बघा आणि मगच भावाचं बोला.