गच्ची एक, बिऱ्हाडे ऐंशी

मे महिन्यातल्या दुपारी अनवाणी पायांनी इमारतीच्या गच्चीवर गेलात, तर दोन पावलेही टाकवत नाहीत. निरभ्र आकाश असताना भर दुपारी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट एवढी सौरशक्ती येत असते. त्याच वेळी गच्चीखालच्या घरांत पंखे गरगर फिरत असतात. पण त्यांना लागणारी बरीचशी वीज येते ती कोळसा जाळून! डोक्यावर ऊर्जेचा पाऊस पडत असताना आपण दूरवर कोळसा का जाळतो? मुंबईसारख्या शहराने गच्च्यांवरच वीज तयार केली तर? चला, ह्या प्रश्नाचे उत्तर आपण आकडेमोड करून शोधू.

शहराचा संकल्प

मुंबईच्या गिरण्यांना १९१५ सालापासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मिळू लागली. सह्याद्रीत साठवलेल्या पाण्यावर ती तयार होत असे. पुढे शहराची भूक वाढली, पाणी पुरेना आणि कोळशाच्या विजेचा वाटा मोठा होत गेला.

मार्च २०२२ मध्ये 'मुंबई वातावरण कृती आराखडा' जाहीर झाला. त्यानुसार २०१९ साली शहरामुळे सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डाय-ऑक्साइडइतके हरितगृह वायू हवेत गेले. ह्यांतला सर्वांत मोठा वाटा, म्हणजे सुमारे सात-दशांश, ऊर्जेच्या वापराचा होता. त्याखालोखाल वाहतुकीचा क्रमांक लागला. हे प्रमाण २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी व २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनी घटवायचे आणि २०५० साली 'निव्वळ शून्या'वर आणायचे, असा संकल्प शहराने केला. निव्वळ शून्य म्हणजे जेवढे वायू हवेत सोडायचे तेवढेच शोषले जातील अशी व्यवस्था करायची. देशाने हेच उद्दिष्ट २०७० साठी ठेवले आहे. म्हणजे मुंबईने वीस वर्षे आधीचा वायदा केला आहे.

सौरघट काय करतो?

सौरघट हा सिलिकॉन ह्या अर्धवाहकाच्या पातळ चकतीचा बनवलेला असतो. तिच्यावर प्रकाश पडला की सिलिकॉनमधील काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात. चकतीच्या दोन थरांत मुद्दाम वेगवेगळी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात मिसळलेली असल्यामुळे हे इलेक्ट्रॉन एकाच दिशेने ढकलले जातात. हाच विद्युतप्रवाह. तो दिष्ट असतो. इन्व्हर्टर त्याचे घरी चालणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेला सिलिकॉनचा सौरघट पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचीच वीज करू शकत असे. आज बाजारात मिळणारी सौरपट्टी सुमारे २० टक्के ऊर्जेची वीज करते.

आता गणित मांडू

पट्ट्यांमध्ये ये-जा करण्यासाठी व सावली टाळण्यासाठी जागा सोडावी लागते. म्हणून १ किलोवॅटच्या पट्ट्यांसाठी साधारण १० चौरस मीटर गच्ची धरतात. वर्षाची सरासरी काढली तर १ किलोवॅटपासून दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते.

समजा, एका वीस मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार, म्हणजे एकूण ऐंशी बिऱ्हाडे आहेत. गच्ची ४०० चौरस मीटरची आहे. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि त्यांच्या सावल्या वगळल्या की निम्मी जागा उरते.

२०० चौरस मीटर ÷ १० = २० किलोवॅट
२० × ४ = दिवसाला ८० युनिट

ऐंशी बिऱ्हाडे आणि ऐंशी युनिट! घरटी रोज फक्त एक युनिट. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला रोज जवळजवळ ७ युनिट लागतात. इमारत उंच होते तशी माणसे वाढतात, पण गच्ची तेवढीच राहते. उंच शहराची खरी अडचण ही आहे. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे वीज कमी मिळते आणि रात्री तर मिळतच नाही.

मग ही ८० युनिटे कुचकामी का? मुळीच नाही. पाण्याचा पंप, लिफ्ट व जिन्यातले दिवे ह्यांचा बराचसा खर्च त्यांतून भागू शकतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांच्या अशा सामाईक सोयींसाठीही अनुदान ठेवण्यात आले. दुमजली शाळेचे गणित तर फारच सोपे. तिची गच्ची मोठी आणि शाळा भरते ती उन्हाच्याच वेळी. रविवारी उरलेली वीज नेट मीटरमधून तारांवाटे इतरांना देता येते आणि ती बिलात वजा होते.

संपूर्ण शहराचा हिशेब

आपल्या देशात सर्व प्रकारांची सरासरी धरली तर एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. त्यामुळे आपली गच्ची वर्षाला ८० × ३६५ × ०.७, म्हणजे सुमारे २० टन वायू वाचवील. ह्या हिशेबाने शहराचे २ कोटी ३४ लाख टन भरून काढायला अशा अकरा लाखांहून अधिक इमारती हव्यात. त्यांत नऊ कोटी बिऱ्हाडे राहतील! २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती. तेव्हा नुसत्या गच्च्यांवर मुंबईचा संकल्प पुरा होणार नाही, हे उघड आहे. मोकळ्या माळांवरची सौर व पवनवीज तारांनी शहरात आणावी लागेल, रात्रीसाठी ती साठवावी लागेल आणि वाहतूकही सुधारावी लागेल.

पण आणखी एक उपाय आपल्या डोक्यावरच आहे. गच्चीवर नव्हे, तिच्याखाली छताला!

जुना पंखा सुमारे ७५ वॅट शक्ती घेतो. बी.एल.डी.सी. मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. फरक ४५ वॅटचा. पंखा रोज १२ तास चालला तर ५४० वॅट-तास, म्हणजे ०.५४ युनिट वाचते. आपल्या इमारतीत घरटी तीन, असे २४० पंखे आहेत.

२४० × ०.५४ = जवळजवळ १३० युनिट

आहे ना गंमत? सबंध गच्ची जेवढी वीज तयार करते, तिच्या दीडपटीहून अधिक वीज नुसते पंखे बदलून वाचते. आणि पंखे रात्रीही चालतात, म्हणून ही बचत सूर्य मावळल्यावरही थांबत नाही. पावसाळ्यातही थांबत नाही. आधी गरज घटवली, म्हणजे त्याच सौरपट्ट्या अधिक जणांना पुरतात.

करून पाहा

१. शाळेच्या गच्चीची लांबी-रुंदी शिक्षकांच्या सोबतीने मोजा. सकाळी १०, दुपारी १२ व ३ वाजता कोठे सावली पडते ते कागदावर आखा. तिन्ही वेळी ऊन असलेल्या जागेच्या क्षेत्रफळाला १० ने भागा. किती किलोवॅटच्या पट्ट्या बसतील ते कळेल.

२. शाळेच्या विजेच्या मीटरवरचा आकडा आठवडाभर रोज एकाच वेळी लिहून ठेवा. दोन दिवसांच्या आकड्यांतील फरक म्हणजे एका दिवसाचा वापर.

३. वर्गातले पंखे व दिवे मोजा, प्रत्येकाचे वॅट व तास लिहा, आणि किती युनिटे वाचवता येतील ते काढा.

हे तीन आकडे एका तक्त्यावर मांडून मुख्याध्यापकांना दाखवा. शहराचा संकल्प २०५० सालचा आहे. तेव्हा तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल आणि तो पाळला गेला की नाही हे पाहायला तुम्हीच असाल. हिशेब मात्र आजपासून ठेवायला हवा.