वारा आणि पाणी यांची जोडी

(इयत्ता ४ थी)

वीज कशापासून तयार करतात हे तुम्हांला माहीत आहे का? कोळसा किंवा डिझेल जाळून वीज करतात. पण ते एकदा जळले की संपले. शिवाय धूर होतो तो वेगळाच. ऊन आणि वारा मात्र संपत नाहीत. मग सगळी वीज त्यांचीच का करत नाहीत?

कारण ऊन रात्री नसते. वारा कधी जोरात सुटतो, तर कधी एकदम पडतो. म्हणून शास्त्रज्ञ दोन साधनांची जोडी लावतात. एक बैल थकला की दुसरा ओढतो, तसेच हे. अशा जोडीला हायब्रीड पद्धत म्हणतात. आपण ज्वारीला हायब्रीड म्हणतो ना, तोच हा शब्द!

एका बेटाची माहिती

आफ्रिकेजवळ अटलांटिक महासागरात एल इएरो नावाचे लहान बेट आहे. ते स्पेन देशाचे आहे. तेथे सुमारे ११ हजार लोक राहतात. पूर्वी तेथे सगळी वीज डिझेलवर व्हायची आणि डिझेल जहाजातून आणावे लागायचे. २०१४ साली तेथे ५ मोठ्या पवनचक्क्या सुरू झाल्या. एक चक्की २,३०० किलोवॅटची. आता गुणाकार करा. ५ चक्क्यांचे ११,५०० किलोवॅट झाले. आपली विहिरीवरची ५ अश्वशक्तीची मोटार पावणेचार किलोवॅटची असते. म्हणजे पूर्ण वारा असला, तर हिशेबाने अशा तीन हजार मोटारी एकदम चालतील!

पण वारा पडला तर? त्यासाठी तेथे दोन तळी आहेत. एक डोंगरावर, ज्वालामुखीच्या जुन्या खळग्यात. दुसरे खाली, समुद्राजवळ. वारा भरपूर असतो तेव्हा उरलेल्या विजेवर पंप चालवून खालचे पाणी वर चढवतात. वारा पडला की वरचे पाणी मोठ्या नळातून खाली सोडतात. त्या जोराने चाके फिरतात आणि वीज तयार होते. जणू वारा तळ्यात साठवून ठेवला!

२०१९ सालच्या उन्हाळ्यात हे बेट सलग २४ दिवस फक्त वारा आणि पाणी यांवर चालले. त्या दिवसांत विजेसाठी डिझेल जाळावे लागले नाही. मात्र वर्षभराचा हिशेब केला तर डिझेल अजून लागते.

हुशार जाळे

विजेच्या तारांच्या जाळ्याला ग्रिड म्हणतात. जितकी वीज लागते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. एकदम जास्त भार पडला, तर चढावर बैलगाडी मंदावते तशी यंत्रे मंदावतात. फार झाले तर लाईट जाते. म्हणून संशोधक आधीच अंदाज बांधतात. उद्या वारा किती सुटेल? ढग येतील का? संध्याकाळी किती घरांत दिवे लागतील? मग संगणक क्षणोक्षणी मोजतो आणि पंप चालू करायचा की पाणी सोडायचे ते ठरवतो. असे मोजणारे, ठरवणारे जाळे म्हणजे स्मार्ट ग्रिड.

आपल्याकडे काय?

दोन तळ्यांची युक्ती महाराष्ट्रातही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात घाटघर येथे वर एक जलाशय आहे आणि खाली ठाणे जिल्ह्यात दुसरा. २००८ सालापासून तेथे २५० मेगावॅटचे वीजघर आहे. पाणी चढवायला १०० युनिट खर्च केले, तर अशा पद्धतीत ७० ते ८० युनिट परत मिळतात. थोडी वीज वाया जाते, पण नडीला उपयोगी पडते.

आपल्याला याची गरज का आहे, ते सांगते. आमच्या वाडीत शेतीची लाईट काही दिवस रात्री येते. मग आबा बॅटरी आणि काठी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जातात. थंडी असते, विंचूकाटा असतो, हल्ली बिबट्याचीही भीती आहे. आबा घरी येईपर्यंत आई जागीच असते. ऊन तर दिवसा असते! उन्हाची वीज मोटारीला मिळाली, तर दिवसाच पाणी देता येईल. यासाठी महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. पण ढगाळ दिवशी ऊन कमी पडते. म्हणून उन्हालाही जोडीदार हवाच.

सांगा पाहू

१. वारा पडल्यावर एल इएरो बेटावर वीज कशी मिळते?
२. १०० युनिट खर्चून ७५ परत मिळाले, तर किती वाया गेले?
३. आपल्या गावात ऊन, वारा आणि पाणी यांपैकी कोणाची जोडी जमेल? घरी मोठ्या माणसांनाही विचारा आणि उत्तर वहीत लिहा.