सरोवराची साक्ष

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल शहराच्या पूर्वेस वॉशिंग्टन सरोवर आहे. १९५५ साली तेथील सरकारी विद्यापीठाच्या संशोधकांना या सरोवरात 'ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स' हे सूक्ष्म शैवाल आढळून आले. युरोपातील काही सरोवरांचा ऱ्हास याच शैवालाच्या आगमनाने सुरू झाला होता, हे प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन जाणून होते. भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी शुद्ध करूनच सरोवरात सोडले जाई. परंतु त्यात उरणाऱ्या फॉस्फरसवर शैवाल पोसले जात होते.

सांडपाणी अन्यत्र वळविण्याचा खर्च नागरिकांनाच सोसावयाचा असल्याने कौलही त्यांचाच हवा होता. एडमंडसन यांनी आपले निष्कर्ष त्यांच्यापुढे सोप्या भाषेत मांडले. तरीही मार्च १९५८ मध्ये योजना फेटाळली गेली. तिची व्याप्ती कमी केल्यावर सप्टेंबरमध्ये ती मंजूर झाली. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी समुद्राच्या खाडीकडे वळविण्यात आले. पूर्वी उन्हाळ्यात जेमतेम एक मीटर खोलीवर दिसेनाशी होणारी मोजणीची पांढरी तबकडी १९७६ नंतर कितीतरी अधिक खोलीवर दिसू लागली.

लोकांच्या पैशातून मिळविलेले ज्ञान निर्णयाच्या वेळी लोकांच्या हाती असावे लागते, हाच या सरोवराचा धडा होय.