अनिकेत : थिबा राजाच्या गावातून निघताना



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९

बाराव्या अध्यायाच्या शेवटाकडे भगवंत आपल्याला आवडणाऱ्या भक्ताची लक्षणं सांगतात. आजच्या श्लोकात ती भराभर येतात. निंदा आणि स्तुती सारखीच मानणारा, मोजकं बोलणारा, मिळेल त्यात समाधानी. आणि मग एक शब्द येतो, ‘अनिकेत’. निकेत म्हणजे घर, राहायची जागा. ती ज्याला नाही तो अनिकेत. त्याला लागूनच दुसरा शब्द आहे, ‘स्थिरमति’.

हा श्लोक मी कितीदा वाचलाय, आणि इतरांना समजावूनही सांगितलाय. एक मैत्रीण नोकरीसाठी गाव सोडताना रडत होती, तेव्हा मी तिला अगदी ऐटीत म्हटलं होतं, ‘अगं, घर म्हणजे शेवटी भिंतीच ना!’ आज तिची माफी मागावीशी वाटतेय. कारण आम्ही दोघं उद्या रत्नागिरीचं घर सोडून पुण्याला चाललोय. नवऱ्याच्या आजोबांनी बांधलेलं जांभ्याचं घर. भावाभावांत वाटणी झाली, घर विकलं गेलं. भांडण नाही, कुणाची चूकही नाही. पण देवघराच्या कोनाड्यात समईच्या काजळीचा जो डाग आहे, तो कुठल्या खोक्यात भरायचा?

रविवारी संध्याकाळी शेवटचं म्हणून थिबा पॉइंटवर जाऊन बसलो. खाली खाडी, पलीकडे समुद्र. जवळच राजवाडा. इथल्या मुलांना शाळेची सहल म्हणून दाखवतात तोच. या वेळी मात्र त्या राजा-राणीचं वय आठवलं आणि चर्रर्र झालं.

ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा आणि राणी सुपायालत. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, तेव्हा दोघंही सव्वीसच्या आसपास होते. म्हणजे तुमच्या-आमच्याच वयाचे. बैलगाडीत बसवून त्यांना नदीवर नेलं, तिथून बोटीने रंगून, मग मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. (इंग्रजांची ही जुनी खोड. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशाह जफरला त्यांनी उलट रंगूनला नेऊन ठेवलं होतं.) बरोबर दोन लहान मुली, तिसरी वाटेत मद्रासला झाली, चौथी रत्नागिरीत. भाषा येत नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि डोक्यावर कोकणातला पाऊस! आज आपण बघतो तो राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. तोवर चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत गेली होती.

थिबा राजा होण्याआधी मठात भिक्खूंकडे शिकला होता, पालीची परीक्षा पास झाला होता. म्हणजे ‘सगळं अनित्य आहे’ हे त्याला आपल्यापेक्षा नक्कीच जास्त पाठ असणार. तरीही तो इथे तीस वर्षं परका म्हणूनच राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच गेला. राणीने त्याला इथे मूठमाती द्यायला नकार दिला, कारण तिला त्याला मायदेशी न्यायचं होतं. सरकारने ते होऊ दिलं नाही. शेवटी १९१९ मध्ये रत्नागिरीतच समाधी बांधली गेली आणि राणी एकटी परतली. तीही रंगूनपर्यंतच. मंडाले तिला परत मिळालंच नाही. १९२५ मध्ये ती वारली. त्याची समाधी इथे, तिची तिथे.

मला यात राजाला किंवा राणीला नावं ठेवाविशी वाटत नाहीत. पाठ असणं आणि पेलणं यात केवढं अंतर असतं, ते मी या आठवड्यात खोकी बांधताना पाहतेय.

मग अनिकेत कसं व्हायचं? बरेच टीकाकार हा शब्द संन्याशाकडे नेतात, की तो कुठे मुक्काम करत नाही. ज्ञानेश्वर माऊली आधी वाऱ्याचा दृष्टान्त देतात, वाऱ्याचं कुठे एका ठिकाणी बिऱ्हाड नसतं तसा हा. पण लगेच अर्थ फिरवतात. ज्याची बुद्धी ‘सगळं विश्वच माझं घर’ इथे स्थिर झाली, तो अनिकेत. घर कमी करत शून्यावर आणायचं नाहीये, ते वाढवत न्यायचंय. आणि स्थिर राहायचं आहे ते बुद्धीने.

अजून एक गोष्ट माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. भगवंत हे सांगतायत कुणाला? अर्जुनाला. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास भोगून, आपलं राज्य परत मागायला रणात उभा राहिलेल्या माणसाला! ‘घर विसर, जंगलात जा’ असं ते त्याला म्हणत नाहीत. घरासाठी लढणाऱ्यालाच ते अनिकेत व्हायला सांगतात. म्हणजे घरावर जीव असणं हा या श्लोकात गुन्हा नाही. हे कळल्यावर मी परवा देवघरासमोर बसून मोकळेपणाने रडले.

थिबाची थोरली मुलगी मंडालेहून निघाली तेव्हा पाच वर्षांची होती. १९१९ मध्ये ती आईबरोबर ब्रह्मदेशला गेली आणि पुढे पुन्हा रत्नागिरीला परत आली. तिचा माणूस इथला, मुलगी टुटू इथली. ती मुलगी रत्नागिरीतच मराठी बोलत म्हातारी झाली. आईवडिलांचा तुरुंग तो लेकीचं घर. एकच गाव!

सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मी तरी कुठे इथली? लग्न करून आले तेव्हा सहा महिने रडत होते. देव शेवटी भर, तांदळाच्या डब्यात ठेव आणि मांडीवर घेऊन बस. टेम्पोत टाकू नकोस.’

काल भैरीच्या देवळात जाऊन दोघांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. शिमग्याला येऊ म्हटलंय. उतरायचं कुणाकडे, ते अजून ठरलेलं नाही.

उद्या सकाळी सहाला टेम्पो. श्लोक २० पुण्यातून, नेट लागलं तर.

राम कृष्ण हरी.